एका यादवीचीं पत्रें

आपल्या भाषेंत गृहयुद्धास 'यादवी' असा एक जुना शब्द आहे. प्रभासक्षेत्रीं एकाच कुळांतील वीरांनीं समुद्रकांठचीं लव्हाळीं उपटून एकमेकांस ठार केलें, ही कथा ज्यानें लहानपणीं ऐकली असेल त्यास या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. इतिहास शिकवितांना मला त्याचा फार उपयोग होतो. पाठ्यपुस्तकांतील 'गृहयुद्ध' हा शब्द वाचून मुलांच्या मुद्रेवर कांहींच उमटत नाहीं. 'यादवी' म्हटलें कीं मागच्या बांकावरचा मुलगाही मान वर करतो.

अमेरिकेंतील यादवीवर केन बर्न्स या चित्रपटकारानें तयार केलेली नऊ भागांची माहितीपटमालिका मीं प्रथम पाहिली त्यास आतां वीस वर्षें होत आलीं. त्यानंतर ती किती वेळां पाहिली याचा हिशेब मीं ठेविलेला नाहीं. गेल्या वर्षीं नववीच्या वर्गास तिच्यांतील कांहीं भाग दाखविण्याचा योग आला, आणि त्या वेळीं एका विद्यार्थिनीनें सहज विचारलेल्या प्रश्नानें मला असें कांहीं विचारांत टाकलें कीं, या वार्षिकासाठीं संपादकांनीं लेख मागितला तेव्हां दुसरा विषयच सुचेना.

मी नुकताच शिक्षक झालों होतों आणि बोर्डिंगच्या आवारांतील एका खोलींत राहत होतों. दिवाळीच्या सुटींत मुलें घरोघर गेलेलीं. आवार सुनें सुनें. आमचे एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक जवळच राहत. त्यांनीं या मालिकेच्या तबकड्या माझ्या हातीं देऊन सांगितलें, "लढाई आहे म्हणून पाहूं नका. माणसें आहेत म्हणून पाहा." रात्रीं जेवण झाल्यावर अर्धा तास पाहावें व निजावें असा माझा बेत होता. पहिला भागच दीड तासाहून मोठा निघाला. तो संपल्यावर दुसरा लावला, आणि शेजारच्या वस्तींतील कोंबडा आरवला तेव्हां मी भानावर आलों. चार दिवसांत सारी मालिका संपली. तिची एकंदर लांबी अकरा तासांहून अधिक आहे, हें त्या वेळीं मला ठाऊकही नव्हतें.

ज्यांनीं ती पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं थोडी माहिती देतों. १२ एप्रिल १८६१ रोजीं दक्षिणेच्या सैन्यानें चार्ल्सटन बंदरांतील सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या तेथें युद्धास आरंभ झाला, आणि ९ एप्रिल १८६५ रोजीं सेनापति ली यानें ग्रँट यास शरण जाऊन तें बहुतेक संपविलें. त्या काळीं देशाची लोकसंख्या सव्वातीन कोटींच्या आंत होती व तींत सुमारें चाळीस लक्ष मनुष्यें गुलाम होतीं. मृतांचा आंकडा पुष्कळ वर्षें ६,२०,००० असा धरीत. २०११ सालीं एका इतिहाससंशोधकानें जनगणनेचीं कोष्टकें पुन्हां तपासून तो साडेसात लक्षांच्या आसपास असावा असें दाखविलें. अँटिएटम येथें १७ सप्टेंबर १८६२ या एका दिवसांत मेलेले, जखमी झालेले व बेपत्ता झालेले असे मिळून सुमारें तेवीस हजार सैनिक खर्ची पडले. मालिका प्रथम १९९० च्या सप्टेंबरांत लागोपाठ पांच रात्रीं अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखविली गेली, आणि ती सुमारें चार कोटि लोकांनीं पाहिली. ती तयार करण्यास पांच वर्षांहून अधिक काळ लागला. म्हणजे युद्धाहून युद्धाच्या चित्रणासच अधिक दिवस लागले! २०१५ सालीं तिची प्रत नव्यानें उजळून पुन्हां दाखविण्यांत आली, आणि जे १९९० मध्यें जन्मलेही नव्हते अशांनीं ती पाहिली.

आतां, हिच्यांत असें काय आहे? चित्रपट म्हणावा तर त्यांत कांहीं हलत नाहीं. त्या काळीं चलच्चित्रें नव्हतींच. छायाचित्रें काय तीं होतीं, आणि तींही कशीं घेतलेलीं! कांचेच्या पट्टीवर रसायनाचा ओला लेप द्यावयाचा, ती ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या गाडींत नेऊन चित्र उठवावयाचें. चित्र उठण्यास कित्येक सेकंद लागत, म्हणून समोरच्या माणसानें श्वास रोखून उभें राहिलें पाहिजे. पळणारा घोडा, फुटणारा गोळा, पडणारा शिपाई यांचें छायाचित्र घेणें शक्यच नव्हतें. त्यामुळें त्या युद्धाचीं छायाचित्रें एक तर लढाईपूर्वींचीं आहेत, नाहीं तर लढाईनंतरचीं. आधीं नवा कोट घालून छाती काढून बसलेला खेड्यांतला पोर. नंतर कुंपणाशीं ओळीनें पडलेलीं प्रेतें. मधली लढाई पाहणाराच्या मनांत होते. बर्न्सचा कॅमेरा त्या स्थिर चित्रावरून सावकाश फिरतो. चेहऱ्यावरून हातावर येतो, हातांत टोपी कशी घट्ट धरली आहे तें दाखवितो, आणि मागून दूरवर तोफांचा गडगडाट किंवा नुसता पांखरांचा आवाज ऐकूं येतो. अशीं हजारों चित्रें त्यानें चित्रित केलीं. हल्लीं लग्नाच्या छायाचित्रांची फीत बनवितांना चित्र हळूहळू मोठें होत जातें, ती युक्ति याच्याच नांवानें संगणकांत घातलेली असते. आमच्या मुलांना हें सांगितल्यावर फार गंमत वाटली.

छायाचित्र खोटें बोलत नाहीं असें म्हणतात तें मात्र मुलांनीं खरें मानूं नये. गेटिसबर्गच्या रणांगणावर दगडांच्या आडोशास पडलेल्या एका तरुण शिपायाचें फार प्रसिद्ध चित्र आहे. तें प्रेत छायाचित्रकारांनीं दुसरीकडून उचलून तेथें आणून ठेविलें होतें, हें शंभरांहून अधिक वर्षांनंतर एका अभ्यासकानें दगडन् दगड ताडून पाहून सिद्ध केलें. असो.

चित्रांइतकींच, किंबहुना अधिक, मनांत राहतात तीं माणसांचीं पत्रें आणि रोजनिशा. नट तीं अगदीं साध्या आवाजांत वाचतात. अभिनयाचा आव कोठेंही नाहीं. उत्तरेकडील एलिशा ऱ्होड्स हा साधा शिपाई म्हणून भरती झाला व कर्नल होऊन घरीं परतला. दक्षिणेकडील सॅम वॉटकिन्स याच्या तुकडींतील एकशेंवीस जणांपैकीं, त्याच्याच सांगण्याप्रमाणें, अखेरीस सात उरले. हे दोघे भागामागून भाग आपल्याबरोबर चालत असतात, आणि सेनापतींहून त्यांचीच काळजी आपणांस अधिक लागून राहते. विल्मर मॅक्लीन नांवाच्या गृहस्थाची गोष्ट तर कोणी कादंबरींत घातली असती तर खोटी वाटली असती. युद्धाची पहिली मोठी लढाई त्याच्या शेताशेजारीं झाली, तोफेचा गोळा त्याच्या घरावर येऊन पडला. म्हणून पुढें तो दूर ॲपोमॅटॉक्स या आडगांवीं राहावयास गेला. चार वर्षांनीं ली यानें शरणपत्रावर सही केली ती त्याच मॅक्लीनच्या दिवाणखान्यांत.

पण सर्वांत प्रसिद्ध पत्र आहे तें मेजर सलिव्हन बालू याचें. हा बत्तीस वर्षांचा वकील, दोन मुलांचा बाप. १४ जुलै १८६१ रोजीं छावणींतून त्यानें आपली पत्नी सारा हिला लिहिलें. लवकरच कूच करावें लागेल असें त्याला कळलें होतें. देशासाठीं प्राण देण्यास आपण कचरत नाहीं, परंतु तुझ्यावरील प्रेमाच्या सांखळ्या मला बांधून ठेवितात, असा त्याचा आशय आहे. आणि आपण न परतलों तर गालाला लागणाऱ्या वाऱ्याच्या झुळकींत मला ओळख, असें तो शेवटीं सुचवितो. एका आठवड्यानें पहिल्याच लढाईंत त्याच्या पायाला तोफेचा गोळा लागला आणि महिना संपण्यापूर्वीं तो वारला. पहिल्या भागाच्या अखेरीस हें पत्र वाचलें जातें व मागें एक व्हायोलिन वाजत असतें. ती चाल त्या युद्धाच्या काळची असावी असें ऐकणाऱ्या प्रत्येकास वाटतें. मलाही वाटलें होतें. वस्तुतः ती जे अंगर या वादकानें १९८२ सालीं रचलेली आहे. त्या सुटींतल्या रात्रीं, एकट्या खोलींत, हें पत्र ऐकून मीं डोळे पुसले हें लिहावयास मला संकोच वाटत नाहीं.

बर्न्सची आई तो अकरा वर्षांचा असतांना कर्करोगानें वारली. आपण मेलेल्यांस जागें करण्याचें काम करीत असतों, हें त्याच्या लक्षांत पुढें दुसऱ्या कोणी आणून दिलें, असें त्यानेंच सांगितलें आहे. मला ही गोष्ट या मालिकेविषयीं वाचलेल्या कोणत्याही टीकेपेक्षां अधिक उपयोगी वाटते.

आतां वर्गाकडे वळतों. आरंभीं मुलांचें लक्ष लागेना. अमेरिकेंतली भांडणें, तीही दीडशें वर्षांपूर्वींचीं. आपणांस त्यांचें काय? तेव्हां मीं त्यांना कापसाची गोष्ट सांगितली. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि त्यांचीं गिऱ्हाइकें मुंबईकडे वळलीं. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे भाग मिळविण्यासाठीं लोक वेडे झाले. १८६५ सालीं तिकडे युद्ध संपलें, इकडे भाव कोसळले, आणि मोठमोठ्या पेढ्या बसल्या. प्रेमचंद रायचंद हे त्या भरतीचे राजे व त्या ओहोटीचे बळी. त्यांच्या देणगींतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा अद्याप विद्यापीठाच्या आवारांत आहे. सहलींत तो पाहिलेलीं मुलें एकदम सावरून बसलीं.

मग बालूचें पत्र झालें. वर्ग स्तब्ध होता. मीं दिवे लावले, आणि खरें सांगावयाचें तर थोड्या अभिमानानेंच मुलांकडे पाहिलें. तेव्हां दुसऱ्या बांकावरची, एरवीं फारशी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, हीं पत्रें सारीं लिहिणाऱ्यांचीं आहेत. ज्यांच्यासाठीं लढाई झाली त्यांचीं पत्रें इतकीं थोडीं कां?"

मीं उत्तर दिलें, तें शिक्षकास शोभेसें होतें. मालिकेंत गुलामगिरीचा विषय टाळलेला नाहीं. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामींतून पळालेले थोर वक्ते, त्यांचे शब्द पुष्कळ वेळां येतात. इतिहासकार बार्बरा फील्ड्स तर शेवटीं स्पष्ट सांगतात कीं हें युद्ध अजून संपलेलें नाहीं व तें हरतांही येईल. हें सर्व मीं सांगितलें. मुलगी "होय, गुरुजी" म्हणून खालीं बसली. परंतु तिचें समाधान झालें नव्हतें, आणि घरीं जातांना माझेंही झालें नव्हतें.

त्या रात्रीं मीं पुन्हां तबकड्या काढल्या, आणि वीस वर्षांत जें पाहिलें नव्हतें तें पाहिलें. दक्षिणेकडील कादंबरीकार शेल्बी फूट हे या मालिकेंत सर्वांहून अधिक बोलतात. त्यांची वाणी इतकी मधुर, गोष्ट सांगण्याची हातोटी इतकी मोहक, कीं ऐकतां ऐकतां सारें युद्ध म्हणजे दोन शूर भावांचा दुर्दैवी गैरसमज होता असें वाटूं लागतें. शेवटच्या भागांत १९१३ आणि १९३८ सालच्या जुन्या फिती आहेत. १९१३ सालीं गेटिसबर्गच्या पन्नासाव्या स्मृतिदिनास दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिक जमले होते. ते पांढऱ्या दाढ्यांचे म्हातारे एकमेकांचे हात हातांत घेतात. हें पाहून मीं प्रत्येक वेळीं गहिंवरलों होतों. पण भावाभावांचा समेट झाला तेव्हां घरांत तिसरें माणूस होतें, आणि समेटाची किंमत त्यालाच द्यावी लागली. युद्धानंतरच्या बारा वर्षांत मुक्त झालेल्यांस मतदानाचा हक्क मिळाला व पुढें दक्षिणेंत तो हिरावून घेण्यांत आला. एवढा मोठा इतिहास मालिका भरभर आटोपते. एरिक फोनर यांच्यासारख्या इतिहासकारांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लेखसंग्रहांत हाच आक्षेप घेतला आहे. मीं तो पूर्वीं वाचला होता आणि विद्वानांची कुरकुर म्हणून बाजूला ठेविला होता. चौदा वर्षांच्या मुलीनें विचारल्यावर तो मला ऐकूं आला.

तिच्या प्रश्नाचें एक उत्तर कायद्याच्या पुस्तकांत आहे. दक्षिणेंतील अनेक राज्यांत गुलामांस लिहावयास वाचावयास शिकविणें हा गुन्हा होता. मिसुरी राज्यांत १८४७ सालीं तर कृष्णवर्णीयांसाठीं शाळा चालविण्यासच कायद्यानें बंदी केली. मग तो कृष्णवर्णीय स्वतंत्र असो वा गुलाम. हे कायदे करणारे बहुतेक लोक रविवारीं देवळांत जाणारे होते व आपल्या बाजूनें शास्त्रवचनें काढून दाखवीत, हेंही मला वर्गांत सांगावें लागलें. तें सांगतांना माझा आवाज नेहमींसारखा नव्हता.

येथें घरची एक गोष्ट लिहितों. आमच्या घरीं एका पत्र्याच्या पेटींत जुन्या मिशन-शाळेच्या संबंधांतला एक कागद आहे. माझ्या पणजोबांनीं आपल्या मुलास शाळेंत घालतांना तो करून दिला. खालीं त्यांचें नांव दुसऱ्या कोणी लिहिलें असून शेजारीं आंगठ्याचा ठसा आहे. त्यांनीं आपल्या बायकोस कधीं पत्र लिहिलें नाहीं. लिहितां येत असतें तर काय लिहिलें असतें हें आम्हांस कळावयास मार्ग नाहीं. त्यांच्या मुलास अक्षर आलें, नातवास आलें, आणि मी आज या पानावर लिहीत आहें. ज्योतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें तें अमेरिकेंतील गुलामांस दास्यांतून मुक्त करण्यासाठीं झटणाऱ्या तेथील सदाचारी लोकांस अर्पण केलें, हें मी दरवर्षीं शिकवितों. परंतु बालूचें पत्र ऐकतांना मला या आंगठ्याची कधीं आठवण झाली नव्हती. ती त्या रात्रीं झाली.

मग मीं शोधूं लागलों, आणि एक पत्र मिळालें. स्पॉट्सवुड राइस हा मिसुरींतील गुलाम. १८६४ च्या आरंभीं तो पळून उत्तरेच्या सैन्यांत भरती झाला; अशा कृष्णवर्णीय सैनिकांची संख्या युद्ध संपेपर्यंत सुमारें १,८०,००० झाली. मिसुरी राज्य उत्तरेच्या बाजूस राहिलें होतें, म्हणून १ जानेवारी १८६३ चा लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा तेथें लागू नव्हता, आणि राइसच्या मुली अद्याप गुलामींतच होत्या. सप्टेंबर १८६४ मध्यें सेंट लुइस येथील लष्करी रुग्णालयांतून त्यानें दोन पत्रें लिहिलीं. एक मुलींस: मी तुम्हांस विसरलों नाहीं, जीव गेला तरी बेहत्तर पण तुम्हांस सोडवीन, सैन्य त्या बाजूस येणार आहे, अशा आशयाचें. दुसरें पत्र मुलीच्या मालकिणीस. तिनें म्हटलें होतें कीं राइस तिची मालमत्ता चोरूं पाहतो. तो विचारतो, स्वतःचें मूल नेणें ही चोरी कशी? पूर्वीं आपण या मुलीसाठीं चाळीस डॉलर देऊं केले होते. तुम्ही ते घेतले नाहींत हेंच बरें झालें, असें तो बजावतो. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. माझ्या तपासणींत तें पत्र क्वचितच उत्तीर्ण झालें असतें, आणि मी तर तें एका दमांत तीन वेळां वाचलें.

याच्या मुलींपैकीं मेरी पुढें पंचाऐशीं वर्षांची झाली. १९३७ सालीं गुलामींत जन्मलेल्या वृद्धांच्या आठवणी सरकारतर्फे लिहून घेतल्या जात होत्या, तेव्हां सेंट लुइस येथें तिनेंही आपली हकीकत सांगितली. तिच्या बापास वाचावयास शिकविलें होतें मालकाच्या मुलानें, आणि तो मुक्तीचा मजकूर इतर गुलामांना वाचून दाखवी म्हणून मालक संतापे, असें तिनें सांगितलें आहे. कुटुंब युद्धानंतर एकत्र आलें. राइस पुढें धर्मोपदेशक झाला.

पुढच्या आठवड्यांत मीं तीं पत्रें माझ्या मराठींत वर्गास वाचून दाखविलीं. चित्र नव्हतें, व्हायोलिन नव्हतें. बाहेर मैदानावर सहावीचा खेळाचा तास चालू होता व त्यांचा गलका येत होता. मीं हेंही सांगितलें कीं हीं पत्रें आज वाचावयास मिळतात त्याचें कारण निराळें आहे. मालकिणीचा भाऊ त्या गांवीं पोस्टमास्तर होता. त्यानें हीं दोन्ही पत्रें जनरलकडे तक्रारीबरोबर पाठवून दिलीं, या उर्मट शिपायास राज्याबाहेर घालवावें म्हणून. आणि लष्करी दप्तरांत तीं तशींच राहिलीं.

एका मुलानें विचारलें, "गुरुजी, त्यानें तीं फाडून कां नाहीं टाकलीं?"

मी उत्तर देणार तों दुसऱ्या बांकावरची ती मुलगी, उभी न राहतांच, त्याच्याकडे वळून म्हणाली, "साहेब आपल्याच बाजूनें बोलेल अशी त्याची खात्री होती ना."